खलबत्त्यातला नीळकंठ

मी आठवीत असताना नीळकंठ पक्ष्याचं पीस खलबत्त्यात कुटलं होतं. तेही माझं नव्हे, रशिदाचं. हे आधीच सांगून टाकते. पुढचा सगळा प्रवास त्या खलबत्त्यातूनच निघाला आहे, आणि मी नाही सांगितलं तर आमच्या घरातलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच.

त्याचं असं झालं. शाळेच्या संमेलनासाठी मला निळी रिबीन हवी होती. जालना जिल्ह्यातल्या आमच्या टेंभुर्णीच्या बाजारात लाल मिळे, पांढरी मिळे, निळी नाही. होळीला आम्ही पळसाची फुलं उकळून केशरी रंग काढायचो. मग फुलाचा निघतो तर पिसाचा का निघू नये, असा विचार माझ्या डोक्यात आला. त्या वयात माझ्या डोक्यात विचार फार यायचे, आणि आलेल्या विचाराला पाणीसुद्धा न विचारता मी कामाला जुंपायची.

रशिदा माझ्या बाकावरची. तिचे अब्बा, उस्मानकाका, गावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या फळ्या, लग्नातल्या लोखंडी पेट्यांवरची कमळं, सगळं तेच रंगवायचे, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचे: उस्मान पेंटर, टेंभुर्णी. पोळ्याच्या आधी तर त्यांच्या दारात बैलांची रांग लागायची. शिंगं रंगवून घ्यायला आलेला बैल बायकांपेक्षा शांत बसतो, असं ते म्हणायचे आणि रशिदाची अम्मी आतून भांडं आपटायची. त्याच दिवसांत कधीतरी त्यांनी शेताच्या बांधावरून रशिदाला एक पीस आणून दिलं. अर्धं गडद निळं, अर्धं फिकं, मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द. रशिदा ते भूगोलाच्या पुस्तकात ठेवायची आणि तास चालू असताना हळूच उघडून बघायची. मी ते एका दिवसापुरतं मागून घेतलं.

उकळलं. पाणी जसंच्या तसं. म्हटलं, फार चिवट आहे. मग वाळवून, कात्रीने बारीक करून, चिमूटभर मीठ घालून आजीच्या खलबत्त्यात कुटलं. निळा रंग कुठे गेला देव जाणे, तळाशी तपकिरीसारखी भुकटी तेवढी उरली. दुसऱ्या दिवशी आजीने त्याच खलबत्त्यात लसणाची चटणी केली आणि आजोबा जेवण संपेपर्यंत विचारत राहिले, "आज चटणीत काय घातलंय गं?"

बरी मुलगी असती तर तिने रशिदाची माफी मागितली असती. मी निकाल दिला. "पक्का रंग कधी जातो का? गेला म्हणजे कच्चा होता. तुझ्या अब्बांनी शिंगांचा उरलेला रंग फासून दिला तुला." वरून लावलेला रंग असता तर तो उकळत्या पाण्यात सुटायला नको होता का, हा प्रश्न मला पडला नाही. मला सोयीचे नसलेले प्रश्न तेव्हा पडत नसत. रशिदा दप्तर तिथेच टाकून घरी गेली. काही दिवसांनी आली ती नवं निळं पीस घेऊन, मान खाली घालून. म्हणाली, "तू म्हणली ते बराबर होतं. मी विचारलं अब्बाला. ते बोलले, हो, मीच रंगवलं होतं. मंग हे दुसरं करून दिलं."

झालं. आरोपीने गुन्हा कबूल केला म्हटल्यावर मी न्यायाधीशच झाले. लग्न होऊन चिपळूणला आले तेव्हापासून हा किस्सा मी माझ्या शास्त्रीय बुद्धीचा पहिला पुरावा म्हणून सांगत आले. नवऱ्याला सांगितला, मुलांना सांगितला, आंबोळ्या घालता घालता शेजारणींना सांगितला.

पुणे

माझी नात सई पुण्यात पक्ष्यांच्या पिसांची रचना अभ्यासते. या थंडीत मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा तिने मला तिच्या प्रयोगशाळेत नेलं. मला वाटलं होतं पिंजरे असतील, किलबिल असेल. तिथे पिंजरा एकही नव्हता. थंडगार खोली, आणि पापण्या न लवता पडद्याकडे बघणारी चार मुलं.

तिने एक पीस मायक्रोस्कोपखाली ठेवलं. मधला दांडा, त्याला फुटलेले धागे, आणि प्रत्येक धाग्याला पुन्हा बारीक धागे, त्यांना आकडे. एका धाग्याचे आकडे शेजारच्या धाग्यात अडकलेले. "अगं, हे तर ब्लाउजचे हुक," मी म्हणाले. सई म्हणाली, "अगदी तेच आजी. पक्षी चोचीने पिसं साफ करतो ना, तेव्हा सुटलेले हुक लावत असतो." या वयात रोज सकाळी हुकांशी माझी जी झटापट चालते, ती आठवून मला पक्ष्यांविषयी एकदम आपुलकी वाटली.

मग तिने नीळकंठाचं पीस ठेवलं. वरून दिवा लावला: झळझळीत निळं. वरचा दिवा बंद करून खालचा लावला, की उजेड पिसातून आरपार येतो. तेच पीस मळकट तपकिरी. तिने दोनतीनदा दिवे वरखाली केले. निळं, तपकिरी, निळं, तपकिरी.

"रंग गेला कुठं?" मी विचारलं.

"रंग नाहीच आहे त्यात. हे बघ." तिने फार मोठ्या यंत्रावर काढलेला एक फोटो दाखवला. धागा आडवा कापून हजारो पटींनी मोठा केलेला. आत सगळी जाळी होती, आपल्या घावनाला पडते तशी. "या जाळीतल्या भोकांमुळे उजेड असा काही उलटतो, की निळा तेवढा आपल्याकडे परत येतो. निळी भुकटी, निळी शाई असं आत काहीच नसतं."

मी पदर सारखा केला. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि समजा कुणी ते कुटलं तर?"

"कुटलं तर जाळी मोडते. तपकिरी भुकटी उरते. पण कुटेल कोण, आजी?"

घरी येईपर्यंत मी रिक्षात गप्प होते. सईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. रशिदाचं पीस अस्सल होतं. मग उस्मानकाका "मीच रंगवलं" असं का म्हणाले? न केलेला गुन्हा माणूस का कबूल करतो?

काका जाऊन बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा मी फोन केला होता. रडून झाल्यावर रशिदा म्हणाली होती, "लई चांगले होते गं अब्बा. जिंदगीत मला एकदाच फसवलं." तेव्हा मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. फसवणूक उघडकीला आणणारी मी होते ना. आता ते वाक्य मला टोचायला लागलं. सांगावं तर ज्या बापाला तिने इतकी वर्षं मनातल्या मनात खोटं धरलं, त्याची आता माफी कुणाकडे मागायची? न सांगावं तर माझ्या मूर्खपणाचा डाग काकांच्या नावावर तसाच राहणार.

सईला त्या आठवड्यात गळालेली पिसं गोळा करायला जालना जिल्ह्यात जायचंच होतं. वनखात्याची परवानगी तिच्या हातात आली होती. मी म्हणाले, "मी पण येते. आणि तुझा तो छोटा मायक्रोस्कोप बरोबर घे."

जालना

जालन्यात उतरल्याबरोबर माझी भाषा बदलली, असं सईचं म्हणणं. मी रिक्षावाल्याला म्हणे विचारलं, "काय भाऊ, लई भाव सांगून राह्यला." मला तर काही जाणवलं नाही. पन्नास वर्षं कोकणात राहून 'हो' म्हणताना हेल काढायला शिकले, पण जालन्याची धूळ नाकात गेली की आतलं सगळं जागं होतं.

लहानपणी जालना म्हणजे आमचं मुंबई. 'जालना सोने का पालना' असं वडील म्हणायचे आणि मी खरोखर सोन्याचा पाळणा शोधायची. आता लोखंडाच्या सळयांचे ट्रक, बियाण्यांच्या भल्यामोठ्या जाहिराती, आणि त्यांच्याच सावलीत मोसंबीचे ढीग. मोसंबीवाल्याने सईला एक फोड कापून दिली, मग दुसरी, मग मला. चिपळूणला आंबेवाला आंबा दुरून दाखवतो, हुंगायलाही जरा विचार करून देतो. इथे आधी खायला घालतात आणि मग तुम्हाला न घेता निघायची लाज वाटते. दोन्ही धंद्याच्याच रीती, पण पोट या दुसऱ्या रीतीने भरतं.

सकाळी नाष्ट्याला सुशीला खाल्ली. सईला वाटलं मी कुणा बाईचं नाव घेतेय. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी घातलेली ही आमची न्याहारी तिला इतकी आवडली, की तिने दुसरी ताटली मागवली आणि जीपवाला खोळंबला.

राजूरच्या पुढे

राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले. पुढे दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडलेली, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, मध्येच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. कोकणात नजर चार पावलांवर झाडाला अडकते. इथे ती पार आभाळ टेकेपर्यंत जाते आणि मग परत यायला कुरकुरते.

विजेच्या तारेवर नीळकंठ बसला होता. बसलेला असताना हा पक्षी अगदी साधा, मातकट छातीचा, मान आखडून बसलेला, एखाद्या रुसलेल्या जावयासारखा. जीपवाला म्हणाला, "मावशी, दसऱ्याला याचं दर्शन शुभ असतंय. तेव्हा दिसला असता तर काम झालं असतं तुमचं." तेवढ्यात तो उडाला आणि पंख उघडले. दोन निळे, फिका आणि गडद, सगळ्या पिवळ्या शिवारावर. इतकी वर्षं मी हा पक्षी विसरले नव्हते, पण त्याचा निळा रंग विसरले होते. सई दुर्बीण लावून बसली होती. मी नुसतीच बसले.

मग आम्ही बांधाबांधाने पिसं शोधायला उतरलो. सईला होल्याचं एक, साळुंकीची दोन, आणि तारेच्या खांबाजवळ नीळकंठाचं एक छोटं पण अखंड पीस मिळालं. मी इरेला पेटले. तुरीच्या ओळीत मला काहीतरी निळं चमकताना दिसलं आणि मी साडी खोचून आत घुसले. काटे टोचले, चप्पल ढेकळात रुतली, पण मी सोडलं नाही. बाहेर येऊन मूठ उघडली. शाम्पूची पुडी होती. सईने ती घेतली, वर उन्हात धरली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आजी, हा मात्र रंग आहे."

टेंभुर्णी

रशिदा दारातच उभी होती. वाकली आहे, पण नजर तशीच, समोरच्याचं काय चुकलं ते शोधणारी. मला बघून तिने आत हाक मारली, "शबाना, चाय रख. मेरी दुश्मन आयी है." सून हसतच बाहेर आली. ही ओळख तिला पाठ असावी.

"किती जाड झाली गं तू, निमे," रशिदा म्हणाली.

"तू तरी कुठं काडी राहिलीस?"

"मी घरी बसून जाड झाले. तू तर मासे खाऊन."

सईने वाकून नमस्कार केला. "रशिदाआजी," म्हणाली.

"आजी ही तुझी. मला नानी म्हण. तिच्यापेक्षा मी तीन महिन्यांनी लहान हाये."

जेवायला खड्या मसाल्याच्या फोडणीचा बगारा भात, आंबट वरण, अंबाडीची भाजी, आणि खास माझ्यासाठी ज्वारीची भाकरी. ताटात चटणी वाढताना रशिदा थांबली. "ही शबानानं मिक्सरात केली. खलबत्ता नव्हता, घाबरू नको." सईला काहीच कळेना. मग रशिदानेच तिला सगळा किस्सा सांगितला, माझ्यापेक्षा चांगला. आजोबांच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. शेवटी म्हणाली, "तुझी आजी लई हुशार. माझ्या बापाची चोरी हिनं पकडली."

सईने माझ्याकडे पाहिलं. रिक्षातल्या माझ्या मौनाचा अर्थ तिला आत्ता लागला. मी भातात बोटं फिरवत राहिले. सांगण्याची वाक्यं मी पुण्यापासून जुळवत आणली होती. त्यातलं एकही जागेवर सापडेना.

जेवण झाल्यावर रशिदाने आतून लोखंडी पेटी ओढत आणली. झाकणावर गुलाबी कमळ, कोपऱ्यात बारीक अक्षरं. आतून कापडात गुंडाळलेलं पीस काढलं. तेच, काकांनी करून दिलेलं दुसरं. "पोरी, तुझी मशीन हाये ना? बघ बरं माझ्या अब्बाचं काम."

सईने मायक्रोस्कोप लॅपटॉपला जोडला. पडद्यावर पहिल्यांदा नुसतेच निळे डोंगर दिसले. मग तिने नीट लावलं. पांढऱ्या कोंबडीचं पीस होतं ते. धागे रंगाने एकमेकांना चिकटलेले, हुक सगळे बुजलेले. मध्ये गडद आणि फिक्या निळ्याची हद्द, जराही न हललेली. आणि गडद रंगात रुतून बसलेला एक लांब केस.

"हा कशाचा?" शबानाने विचारलं.

"ब्रशचा," सई म्हणाली. "रंगवताना अडकला असेल."

रशिदा पडद्याजवळ सरकली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अब्बाचा बारीक ब्रश. पाटीच्या कोपऱ्यात नाव लिव्हायचा." तिने पडद्यावरच्या त्या केसावर बोट ठेवलं, हळूच, जणू तो उडून जाईल. सईने पीस उलटं केलं. मागची बाजूही रंगवलेली होती, तीच हद्द, तितकीच सरळ. पिसाची पाठ कोण बघतं?

"आता तुझं दाखव," रशिदा म्हणाली. "पाखराचं."

सईने सकाळचं पीस ठेवलं. वरचा दिवा, निळं. खालचा दिवा, तपकिरी. रशिदाला वाटलं मशीन बिघडली. मग सईने तिला सगळं सांगितलं, जाळीचं, उजेडाचं. रशिदा ऐकत होती. सई थांबल्यावर तिने विचारलं तो प्रश्न मी आधी ऐकला होता, माझ्याच तोंडून.

"मंग हे कुटलं तर?"

उत्तर सईकडे मागितलं होतं. मी दिलं. "तपकिरी भुकटी होते. रशू, मी कुटलं ते खरं होतं. काकांनी रंगवलेलं नव्हतं. मला आत्ता, या महिन्यात कळलं."

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती. शबाना उठली आणि उगाच कपबश्या गोळा करायला लागली.

मग रशिदा बोलली, पण माझ्याशी नाही, सईशी. "त्या दिवशी मी घरी येऊन लई रडले. आधी काही बोलले न्हाई. रडतच विचारलं, अब्बा, पाखरू परत कवा टाकील पीस? ते बोलले, टाकील की. मी म्हणलं, तसंच? तेच? ते गप बसले. मंग मी निमीचं सांगितलं, की ती म्हणती तुम्ही रंगवलं होतं. तर एकदम बोलले, हौ, मीच रंगवलं होतं. रडू नको, दुसरं करतो, बिलकुल तसंच." ती थांबली. "मी ईदपर्यंत धड बोलले न्हाई त्यांच्याशी. ईदीचे पैसेसुद्धा घेतले न्हाई."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो पीस गुंडाळायच्या निमित्ताने काढून घेतला. कापडाच्या तीन घड्या घातल्या, पेटीत ठेवलं, झाकण लावलं. म्हणाली, "गाडीचा टाइम झाला असंल तुमचा."

जीप वळेपर्यंत ती दारात उभी होती. हात हलवला, पण तो सईला होता की मला, ते मला कळलं नाही. राजूर येईपर्यंत सई माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. शाम्पूच्या पुडीवरची सगळी चेष्टा तिने गिळून टाकली होती, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं.

परतल्यावर

चिपळूणला आले, घर झाडलं, जाळीदार घावन घातले आणि प्रत्येक घावन उगीचच खिडकीपाशी उजेडात धरून पाहिला. फोन करायचा धीर झाला नाही. पूर्वी ज्या तोंडाने हा किस्सा सांगायची, ते तोंड आता मिटूनच होतं. शेजारणीने एकदा विषय काढला, "ते पिसाचं सांगा ना, आमच्या सूनबाईंना." मी म्हटलं, दूध उतू जातंय.

सईने दोन्ही पिसांचे फोटो छापून टेंभुर्णीला पाठवले. नीळकंठाच्या फोटोखाली तिच्या पद्धतीप्रमाणे पक्ष्याचं नाव आणि गावाचं नाव. दुसऱ्याखाली काय लिहावं तिला सुचलं नाही, म्हणून जागा कोरी सोडली.

मग एका दुपारी फोन वाजला. मी हॅलो म्हणायच्या आत रशिदा बोलायला लागली, आणि बोलून झाल्यावर माझ्या उत्तराची वाट न बघता ठेवूनही दिला. ती म्हणाली ते असं:

"निमे, फोटो मिळाले. पाखराच्या खाली पोरीनं पाखराचं नाव लिव्हलं, ते बराबर हाये. दुसऱ्याच्या खाली 'उस्मान पेंटर, टेंभुर्णी' असं लिव्ह म्हणावं, कोपऱ्यात, बारीक. अन् तू पोळ्याला ये. पीस बघायला देईन, पर हातात देणार न्हाई."